बेअरिंग हाणायचं नसतं, बसवायचं असतं

मागच्या सत्रात मशीन डिझाईनच्या ओरलला मला प्रश्न आला होता, "बॉल बेअरिंगचे आयुष्य कशावर अवलंबून असते?" मी सूत्र घडाघडा म्हणून दाखवले. भार दुप्पट केला तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते, हेही वर जोडले. सर खूश, मी खूश. त्यानंतर पंधरा दिवसांनी दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्या गाडीचे पुढचे बेअरिंग स्वतःच्या हाताने बदलले आणि त्या बेअरिंगने तीन महिन्यांत मान टाकली!

ही फजिती लपवून ठेवता आली असती. पण हॉस्टेलवर बऱ्याच जणांच्या घरी जुन्या गाड्या आहेत. सुट्टीत घरी गेलो की "इंजिनिअर आलाय, त्याला दाखवा" असे आपल्या सगळ्यांच्याच वाट्याला येते. म्हणून हा लेख. यात माझी चूक आहे, तिचे कारण आहे आणि ते काम नीट कसे करायचे तेही आहे.

त्या पहाटे काय झाले

आमचे गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याजवळ. शिरूरला रेल्वे नाही. त्यामुळे सोलापूरच्या बाजूला जायचे तर आम्ही दौंड गाठतो. न्हावरे, मग भीमेवरचा पारगावचा पूल, चौफुला, पाटस आणि दौंड असा आमचा नेहमीचा रस्ता. गाडी म्हणजे वडिलांची २००६ सालची मारुती ८००. पंधरा वर्षे झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली.

दिवाळीत डाव्या पुढच्या चाकातून घुं-घुं आवाज यायला लागला होता. मी बेअरिंगचा सेट आणला आणि गावातल्या एका शेडमध्ये हातोडा, पाईपचा तुकडा आणि यूट्यूबच्या भरवशावर बदलून टाकला. आवाज थांबला. वडिलांनी पाठ थोपटली.

फेब्रुवारीत ताईची सोलापूरला नोकरीची मुलाखत होती. सकाळची गाडी दौंडहून पकडायची होती. पहाटे अंधारात निघालो. उसाचे दिवस, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या, त्यामुळे सावकाशच होतो. पारगावच्या अलीकडे डावीकडून आधी घरघर आली, मग जळक्या ग्रीसचा वास आला आणि मग स्टिअरिंग हातात थरथरायला लागले. उतरून पाहिले तर चाकाच्या मधल्या भागाला हात लावता येत नव्हता. चाक वर-खाली हलत होते.

थांबलो म्हणून वाचलो. पण गाडी चुकली, मुलाखतही चुकली. ती जागा नंतर दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. ताई मला एका शब्दाने बोलली नाही. तेच जास्त लागले.

अकरा खुणा

दौंडला माझे मामा राहतात. त्यांनी क्रेनवाला पाठवला. गाडीची पुढची चाके उचलून ती दौंडला नेली आणि मामांच्या ओळखीच्या एका काकांच्या वर्कशॉपमध्ये लावली. काका रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. एक लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाने, एवढाच पसारा.

मारुती ८०० च्या पुढच्या प्रत्येक चाकात, नकलच्या पोटात, दोन बॉल बेअरिंग आणि त्यांच्या मध्ये एक स्पेसर असतो. काकांनी दोन्ही बेअरिंग बाहेर काढले. बाहेरच्या बाजूचे तर ओळखू येत नव्हते. धावपट्टीचे पापुद्रे निघालेले, छर्रे काळे पडलेले. आतल्या बाजूचे मात्र बऱ्यापैकी शाबूत दिसत होते. काकांनी ते रॉकेलमध्ये धुतले, पिंजरा कापला, सगळे छर्रे एका बाजूला सारले आणि आतली रिंग अलगद बाहेर काढली. (छर्रे आत भरतात कसे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. असेच भरतात. रिंग एका बाजूला सरकवून छर्रे घालायचे, मग ते सारख्या अंतरावर पसरवून पिंजरा बसवायचा.)

मग त्यांनी बाहेरची रिंग माझ्या हातात देऊन उजेडाकडे तिरकी धरायला लावली.

"काय दिसतंय?"

"खुणा आहेत. बारीक. धावपट्टीच्या एका कडेला."

"मोज."

मोजल्या. सारख्या अंतरावर अकरा खुणा होत्या.

"छर्रे किती निघाले?"

ते मोजले. अकरा.

"मग सांग आता, हे बेअरिंग रस्त्यावर खराब झालं का बसवतानाच झालं?"

माझ्याकडे बोलायला काही नव्हते. रस्त्यावर चाक फिरत असते. तिथे झालेली झीज धावपट्टीभर पसरते. छर्ऱ्यांच्या अंतराने नेमके अकरा खळगे पडायचे असतील तर बेअरिंग उभे असताना छर्ऱ्यांवर जोराचा घाव बसलेला असला पाहिजे. तो घाव माझा होता. नकलमध्ये बेअरिंग बसवताना माझ्याकडे जो पाईप होता तो आतल्या रिंगच्या मापाचा होता. मी तोच आतल्या रिंगवर ठेवून वरून हातोडा मारला होता.

"बाळा, बेअरिंग हाणायचं नसतं, बसवायचं असतं," काका म्हणाले. "जी रिंग घट्ट बसणार, जोर तिलाच द्यायचा. छर्ऱ्यातनं जोर गेला की बेअरिंग गेलं. आज नाही तर उद्या."

सगळे काम या एका वाक्यात आहे. पुढचा लेख म्हणजे या वाक्याचे स्पष्टीकरण समजा.

थोडी थिअरी (वगळू नये ही विनंती)

बेअरिंगचे पोलाद म्हणजे साधारण १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. त्याला पाणी देऊन कठीणपणा रॉकवेल सी ६० च्या आसपास आणलेला असतो. इतक्या कठीण धातूला हातोड्याने काय होणार, असे वाटते. पण छर्रा आणि धावपट्टी यांचा स्पर्श जवळजवळ बिंदूएवढा असतो. थोडा भारसुद्धा त्या बिंदूवर प्रचंड दाब निर्माण करतो.

भांडारींच्या पुस्तकात आपण सी-नॉट म्हणजे स्थिर भारक्षमता वाचतो. तिची व्याख्या पुन्हा काढून बघा. आयएसओच्या मानकाप्रमाणे बॉल बेअरिंगमध्ये सर्वांत जास्त भार असलेल्या छर्ऱ्याच्या स्पर्शाला ४२०० मेगापास्कल दाब आला की ती मर्यादा धरतात. त्या वेळी छर्रा आणि धावपट्टी मिळून छर्ऱ्याच्या व्यासाच्या सुमारे दहा-हजाराव्या भागाएवढा कायमचा खळगा पडतो. छर्रा ८ मिलिमीटरचा असेल तर हा खळगा ०.०००८ मिलिमीटरचा, म्हणजे एक मायक्रॉनपेक्षाही लहान. इतक्या खळग्याला मानक 'पुरे' म्हणते!

आता माझ्या हातोड्याचा हिशेब. हातोडा १ किलोचा, वेग सेकंदाला ५ मीटर, आणि आदळून थांबायला एक हजारांश सेकंद लागला असे धरू. संवेगातील बदल भागिले वेळ, म्हणजे सरासरी बल आले ५००० न्यूटन. सुमारे ५०० किलोचे वजन. हे सरासरी झाले, क्षणिक बल याहून जास्त. शिवाय हे बल बेअरिंगच्या अक्षाच्या दिशेने, छर्ऱ्यांना धावपट्टीच्या कडेकडे ढकलणारे. आणि मी एक घाव नाही, वीस-पंचवीस घाव घातले होते.

एकदा खळगा पडला की पुढे काय होते? मारुती ८०० चा टायर १४५/७० आर १२ मापाचा. व्यास येतो साधारण ५०८ मिलिमीटर, परीघ १.६ मीटरच्या आसपास. म्हणजे एका किलोमीटरला चाक सुमारे ६२५ वेळा फिरते. एक लाख किलोमीटरला सव्वासहा कोटी फेरे. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक छर्रा खळग्यांच्या कडांवरून उड्या मारत जातो. तिथे भार वाढतो. बॉल बेअरिंगचे सूत्र तर सर्वांना पाठ आहे: दशलक्ष फेऱ्यांमधले आयुष्य म्हणजे (सी भागिले पी) याचा घन. भार सव्वापट झाला तरी आयुष्य निम्मे होते. दुप्पट झाला तर आठवा हिस्सा. ओरलमध्ये मी हेच सांगून गुण मिळवले होते, आणि शेडमध्ये हातोडा उचलताना यातले अक्षरही आठवले नव्हते.

आधी आवाज ओळखा

आवाज आला की थेट बेअरिंग बदलू नका. पुढच्या बाजूला 'बेअरिंग' म्हणावे असे दोन भाग असतात आणि त्यांची दुखणी वेगळी असतात. एक, चाकाचे बेअरिंग, जे वर सांगितले. दोन, स्ट्रटच्या डोक्यावरचे बेअरिंग.

मारुती ८०० चे पुढचे सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने ही रचना १९४० च्या दशकात मांडली आणि १९५० साली इंग्लंडमधल्या फोर्ड कॉन्सलमुळे ती लोकांना माहीत झाली. शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकाच खांबात, कमी सुटे भाग, कमी जागा. म्हणूनच १९८३ साली आपल्याकडे मारुती आली तेव्हा एवढ्याशा गाडीत इंजिन आडवे बसवूनही चाकांना जागा उरली. या रचनेत स्टिअरिंग फिरवले की अख्खा खांब स्प्रिंगसकट फिरतो. तो वर जिथे बॉडीला टेकतो तिथे फिरण्यासाठी एक बेअरिंग असते.

ओळखायची पद्धत अशी:

१. चाकाचे बेअरिंग गेले असेल तर आवाज वेगाबरोबर वाढतो, गिअर बदलण्याशी त्याचा संबंध नसतो. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकावर येतो. अशा वळणावर आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर.

२. टायरचाही असाच घुं-घुं आवाज येतो. पण तो रस्त्याप्रमाणे बदलतो. डांबरीवरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला तर आधी टायर पुढचे मागे करून बघा.

३. गाडी जॅकवर घ्या आणि खाली घोडी लावा. एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगला हात लावताच खरखर कळते. कानापेक्षा हात जास्त खरे बोलतो.

४. चाक वर-खाली धरून हलवा. हलत असेल तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा, कारण ब्रेकने हब आणि नकल एकमेकांना धरले. तरीही हलतच राहिले तर खालचा बॉल जॉइंट तपासा. फक्त डाव्या-उजव्या दिशेने हलत असेल तर टाय रॉड एंड बघा.

५. स्ट्रटचे बेअरिंग गेले असेल तर आवाज गाडी उभी असताना किंवा हळू चालताना, स्टिअरिंग फिरवले की येतो: 'टक्-टक्' किंवा 'टुंग'. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. बॉनेट उघडून, चाकात हात अडकणार नाही अशा बेताने स्प्रिंगला हात लावा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगा. स्प्रिंग आधी पिळली जाऊन मग एकदम उडी मारत असेल तर वरचे बेअरिंग अडकते आहे.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठी एक गंमत. ताशी ६० किलोमीटरला हे चाक सेकंदाला साडेदहा वेळा फिरते. बाहेरच्या रिंगवर एक खळगा असेल, छर्रे ११ असतील आणि छर्ऱ्याचा व्यास पिच व्यासाच्या पाचव्या हिश्श्याएवढा धरला, तर त्या खळग्यावरून सेकंदाला ११ ÷ २ × ०.८ × १०.५, म्हणजे सुमारे ४६ छर्रे जातात. ४६ हर्ट्झ हा खर्जातला सूर आहे. 'घुं-घुं' आवाज येतो तो इथून.

चाकाचे बेअरिंग: काकांनी करून घेतलेले काम

काकांनी स्वतः एकही पाना उचलला नाही. समोर स्टूल टाकून बसले आणि माझ्याकडून करून घेतले.

१. आधी नट. चाकाच्या मध्यभागी ड्राइव्ह शाफ्टचा मोठा नट असतो. त्याची कॉटर पिन काढून, चाक जमिनीवर असताना आणि ब्रेक दाबून, नट फक्त ढिला करायचा. गाडी जॅकवर घेऊन पाइप लावून त्यावर लटकलात तर गाडी अंगावर यायची भीती असते.

२. जॅक म्हणजे आधार नव्हे. मागच्या चाकांना दगड, पुढे घोडी आणि मगच चाक काढणे. काकांनी गाडीला हलवून बघितल्याशिवाय मला खाली हात घालू दिला नाही.

३. कॅलिपर सोडवून तारेने स्प्रिंगला टांगायचा. ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवायचा नाही.

४. हब डिस्कसकट पुलरने ओढायचा. मागून हातोडा मारायचा नाही. बऱ्याचदा बेअरिंगची आतली रिंग हबवरच अडकून येते. तीही पुलरनेच काढायची.

५. टाय रॉड एंड, खालचा बॉल जॉइंट आणि स्ट्रटचे दोन बोल्ट सोडवले की नकल हातात येते. स्ट्रट आणि नकलची जागा आधी रंगाने खूण करून ठेवा. कॅम्बर फार बदलणार नाही.

६. जुने बेअरिंग काढताना जोर कुठेही द्या, ते फेकायचेच आहे. फक्त नकलच्या भोकाला ओरखडा पडू देऊ नका. मग भोक साफ पुसून बोट फिरवून बघा. बारीकशी कीससुद्धा नव्या रिंगला वाकडी बसवते.

७. नवे बेअरिंग नकलमध्ये: इथे घट्ट बसते ती बाहेरची रिंग. म्हणून प्रेसचा जोर बाहेरच्या रिंगवरच. काकांनी जुन्याच बेअरिंगची बाहेरची रिंग बाहेरून थोडी ग्राइंड करून ठेवणी बनवली. मापात अगदी नेमकी आणि फुकट! सीलची बाजू बाहेर, दोन्हींच्या मध्ये ग्रीस आणि स्पेसर. स्पेसर विसरलात किंवा दुसऱ्या गाडीचा घातलात तर सगळेच चुकले.

८. हब बेअरिंगमध्ये: आता घट्ट बसते ती आतली रिंग. म्हणून हब वरून दाबताना खालून आधार आतल्या रिंगलाच द्यायचा. नकल नुसती टेबलावर ठेवून हब दाबलात तर जोर पुन्हा छर्ऱ्यांतून जातो. पहिल्या वेळी मी हीही चूक केली होती, हे मला इथे कळले.

प्रेस नसेल तर? काकांनी सांगितलेली युक्ती अशी: बेअरिंग प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि नकल गरम करायची. पोलाद एका अंशाला लांबीच्या लाखाव्या भागाच्या सव्वापट प्रसरण पावते. ५५ मिलिमीटरचे भोक ६० अंशांनी तापले तर ते ०.०४ मिलिमीटरने मोठे होते. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. पण नकल गरम हवेने तापवायची, गॅसच्या ज्योतीने नाही. आणि फ्रीजरमधल्या बेअरिंगवर दव धरते, ते पुसून घ्यायचे.

९. शेवटचा नट. मला वाटायचे नट आवळणे म्हणजे चाक निसटू न देणे, बस्स. पण या रचनेत नट दोन्ही आतल्या रिंगा आणि स्पेसर एकत्र आवळून धरतो. नट ढिला राहिला तर रिंगा हबवर घसरतात आणि झिजतात. म्हणून टॉर्क रेंच घेऊन गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलाच टॉर्क द्यायचा, तोही चाक वर असताना ब्रेक दाबून. आवळल्याशिवाय गाडीचे वजन नव्या बेअरिंगवर टाकायचे नाही. कॉटर पिन नवीच घालायची.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टेपर रोलर बेअरिंग असतात. त्यात नट आवळून पुन्हा थोडा मागे घेतात. गावाकडे अनेक जण तीच सवय कारला लावतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, अदलाबदल मात्र चालत नाही.

वरचे बेअरिंग: इथे जीव जातो

काम चाललेच होते म्हणून दोन्ही बाजूंचे स्ट्रटचे बेअरिंगही बदलले. हे काम दिसायला सोपे आहे: स्ट्रट काढा, स्प्रिंग दाबा, वरचा नट सोडा, माउंटिंग आणि बेअरिंग बदला, परत जोडा. पण 'स्प्रिंग दाबा' हे दोन शब्द नीट वाचा.

उदाहरणादाखल स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन आणि ती १०० मिलिमीटर दाबलेली धरा. साठलेली ऊर्जा होते १०० ज्यूल. दहा किलोचे वजन एक मीटरवरून डोक्यात पडावे तेवढी. ही ऊर्जा स्ट्रटच्या वरच्या एका नटाने धरून ठेवलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता तो नट सोडला तर नट, वायसर आणि माउंटिंग बंदुकीच्या गोळीसारखे वर येतात. दोरीने किंवा तारेने स्प्रिंग बांधून हे काम करणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नका. चांगला कॉम्प्रेसर भाड्याने मिळतो. दोन्ही हुक समोरासमोर लावायचे, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, स्प्रिंग माउंटिंगपासून सैल झाली याची खात्री करायची आणि मगच नट सोडायचा. तोंड कधीही स्ट्रटच्या टोकासमोर न्यायचे नाही.

नवे बेअरिंग बसवताना स्प्रिंगचे टोक खालच्या बशीच्या खाचेत नीट बसले आहे ना ते बघा. दोन्ही बाजूंची बेअरिंग एकदमच बदला. सगळे जोडून झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या. नाही तर पाचशे किलोमीटरमध्ये टायर सांगेल की केली नाही.

नंतरची काळजी

आमच्या रस्त्यांवर बेअरिंगचे शत्रू तीन: खड्डे, माती आणि पाणी. खड्डे चुकवणे आपल्या हातात थोडेसेच. पण पाणी बरेचसे आहे. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोराचा फवारा थेट हबच्या सीलवर मारू देऊ नका. पावसाळ्यात चाक बुडेल इतक्या पाण्यातून गाडी नेली असेल तर पुढच्या आठवड्यात कान उघडे ठेवा. आवाज सुरू झाला तर 'दिवाळीपर्यंत चालेल' म्हणू नका. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी तिची बेअरिंग आजही सहज मिळतात आणि महाग नाहीत. फक्त खोक्यावरचा छाप आणि रिंगवर कोरलेला क्रमांक जुळतो का ते बघून घ्या.

शेवटी

काम संपायला संध्याकाळ झाली. पैसे किती विचारले तर काका म्हणाले, "प्रेसचं आणि चहाचं दे." मग त्यांनी ती अकरा खुणांची रिंग कापडात पुसून मला दिली. "कॉलेजात ठेव. परीक्षेच्या आधी बघत जा."

ती रिंग आता माझ्या हॉस्टेलच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. खोलीत कोणी आले की मी ती उजेडाकडे तिरकी धरून त्यांना खुणा मोजायला लावतो. ज्युनिअर मुलांना ती बघायची असेल तर केव्हाही यावे. वर्कशॉपच्या सरांना एक विनंती आहे: बेअरिंग काढण्या-बसवण्याचे एक प्रात्यक्षिक, निदान एकदा, प्रत्येक बॅचला प्रेसवर करायला मिळावे. आमच्या वह्यांमध्ये बेअरिंगच्या आकृत्या सुबक आहेत. पण जोर कुठल्या रिंगवर द्यायचा याचा बाण त्यात कुठेच नाही.

ताईला पुढे मे महिन्यात दुसरीकडे नोकरी लागली. तिला दौंडच्या स्टेशनवर सोडायला मीच गेलो, त्याच गाडीने. पारगावचा पूल आला तशी ती काच खाली करून जरा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "काही आवाज नाही येत रे."

मला मिळालेल्या कुठल्याच मार्कांचा इतका आनंद झाला नव्हता.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी